तिसरं खोकं येईपर्यंत

४ मार्च

तोग्जानने दिलेली वही निळी आहे. तिच्यात मी मशीनबद्दल लिहायचं, रोज संध्याकाळी, आणि सकाळी तिच्या टेबलावर ठेवायची. ही दुसरी वही मी सेनेक गावच्या दुकानातून माझी मी आणली. हिच्यात काय लिहायचं ते कुणी सांगितलेलं नाही, म्हणून पहिल्याच पानावर हात अडखळतोय. सात इयत्ता झाल्या आणि वडिलांनी उंटांमागे लावलं. त्यानंतर मी लिहिलं ते फक्त सह्या आणि पाइपांचे आकडे.

आज ट्रेलरवरून दोन पांढरी खोकी उतरली, राहायच्या डब्यांएवढी मोठी. पहिल्या खोक्याचं काम ब्रेक आणि चरखी चालवण्याचं, म्हणजे माझं. दुसऱ्यात लांब मानेचा लोखंडी हात आहे. तो पाइप उचलून तेलाच्या विहिरीच्या तोंडाशी आणतो. पोरांनी त्याला लगेच उंट नाव ठेवलं. तिसरं खोकं तोंडाशी पाचरी बसवणार. पाइप खाली जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवतात त्या पाचरी. ते खोकं अक्ताउच्या बंदरात कागदपत्रांत अडकलंय. तोवर पाचरी माणूसच बसवणार, आणि तो माणूस म्हणजे मेर्गेन, आमच्या कारझाउचा मुलगा. बाप जिथे उभा राहायचा तिथेच आता तो उभा राहतो.

तोग्जान अल्माटीची इंजिनियर, तिशीच्या आतली. म्हणाली, "आगा, जुनी रिग मोडायची नाही. तिला एकेक नवा अवयव लावत जायचं."

"आणि जुने अवयव?" मी विचारलं.

ती हसली. मला नाही हसू आलं. पेन्शन होऊन तीन महिने झाले, तरी मला ठेवलंय ते या मशीनचा उस्ताद म्हणून. गेल्या शरदात महिनाभर माझ्या ब्रेकच्या दांड्याला तारा लावल्या होत्या. माझा हात कसा चालतो ते मशीन शिकलं. त्याच महिन्यात कारझाउ गेला. पाइप सुटला. गारठा होता त्या सकाळी, आणि गारठ्यात लोखंड घसरतं. हे सगळ्यांना माहीत आहे.

उजवा हात सकाळी झोपलेला असतो. चहाचं भांडं धरून बसलो की जागा होतो. वयाचं आहे, दुसरं काही नाही.

६ मार्च

आज मशीनने पहिल्यांदा स्वतः पाइप उतरवला. मला काचेच्या केबिनमध्ये खुर्चीत बसवलं होतं. समोर एक लाल बटण. "भरवसा वाटला नाही तर दाबा," तोग्जान म्हणाली. बाकी मला काही काम नाही. बत्तीस वर्षं उभ्याने काम केलं आणि आता बसून नुसतं बघायचं.

चरखी फिरू लागली, दोर ताणला, पाइप उतरायला लागला. कोणी दांड्याला हात लावलेला नाही आणि दांडा हलतोय. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. ते उतरवणं मला ओळखीचं वाटत होतं. आधी सैल, मग तोंडाजवळ आल्यावर जरा आखडतं, मग पुन्हा सैल. स्वतःचा आवाज टेपवर ऐकला की कसं परकं आणि ओशाळं वाटतं, तसं झालं.

मेर्गेनने खालून ओरडून विचारलं, "शिंतास आगा, झोपलात का वर?"

"मी नाही चालवत रे," मी म्हणालो.

"माहीत आहे. पण चालवणाऱ्याला तुमच्यासारखाच खोकला येतो, बघा."

खरंच, दर पाइपाला सुरुवात करताना चरखी एक छोटा धक्का देते. मी तेव्हा खोकतो. मला हे माहीत नव्हतं. पोरं दिवसभर हसत होती.

९ मार्च

केबिनमध्ये टीव्हीसारखा एक पडदा लावलाय. रिगच्या फलाटावरची माणसं त्यावर हिरव्या ठिपक्यांसारखी दिसतात, ठिपक्याशेजारी नाव. प्रत्येकाच्या हेल्मेटमध्ये आता एक चकती आहे. कोणी उंटाच्या मानेखाली गेलं की ठिपका लाल होतो आणि उंट थांबतो. गेल्या शरदात हेच दुसऱ्या एका पोरीने येऊन करून पाहिलं होतं. तेव्हा चकत्या जाकिटांच्या कॉलरमध्ये शिवल्या होत्या, लहान पोरांच्या कपड्यांत तुमार, म्हणजे ताईत, शिवतात तशा. कारझाउ तिला म्हणाला होता, "पोरी, दृष्ट काढतेस की लावतेस?" ती पोरगी पुढे नोकरी सोडून गेली.

दुपारी मी फलाटावर गेलो, उंटाच्या सांध्याला तेल आहे का बघायला. उंट थांबला. मी मानेखाली गेलो नव्हतो, चांगला चार पावलं लांब होतो. बाजूला सरकलो तरी हलेना. तोग्जानने वरून भोंग्यातून विचारलं, "आगा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

"दोन ठिपके दिसतात."

मी मागे वळून बघितलं. कठडा होता, त्याच्यापलीकडे खडूचे कडे आणि ऊन. वर आलो तेव्हा तिने पडदा माझ्याकडे वळवला. माझ्या नावाच्या ठिपक्याला चिकटून दुसरा ठिपका होता. त्याच्याशेजारी लिहिलं होतं: कारझाउ.

"ह्यांचं नाव यादीतून कोणी काढलं नाही वाटतं," ती म्हणाली. "काहीतरी गडबड आहे. बघते."

मी केबिनच्या दारात उभा होतो. तो माझ्यामागे उभा होता.

१० मार्च

फलाटावर गेलो नाही. पाठ दुखते असं सांगितलं. पाठ खरंच दुखत होती.

१३ मार्च

आज पश्चिमेकडून पांढरी धूळ आली. बारा वाजता सूर्य ताटलीसारखा फिका दिसत होता आणि पन्नास पावलांवरचं काही दिसत नव्हतं. अशा दिवशी काम थांबवतात, पण मोठे साहेब महिनाअखेर येणार म्हणून तोग्जानला घाई आहे.

मला जावंच लागलं. जाताना तोंडातल्या तोंडात आमच्या पीराचं, बेकेत-आताचं, नाव घेतलं. उंट थांबला. मी डावीकडे गेलो तर तो थांबलेला, उजवीकडे गेलो तरी थांबलेला. मग मी एक मूर्खपणा केला. झटकन मागे वळलो, जसं पोरं एकमेकांना पकडतात तसं. धुळीत काही नव्हतं. पण जाकिटाची कॉलर मानेला घासली आणि मला वाटलं, कोणीतरी ती नीट केली.

मेर्गेन पाणी प्यायला वर गेला होता. त्याने पडदा बघितला. खाली आला आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "बापाचं नाव तुमच्यामागे का फिरतंय, आगा?"

"मशीन आहे रे. चुकतं."

"माणूस चुकला की लिहून ठेवतात. मशीन चुकलं की नुसतं बघतो म्हणतात." त्याने हातमोजे चढवले. "माझ्या बापाबद्दल काय लिहिलंय ठाऊक आहे ना? स्वतःचा निष्काळजीपणा. चुकीच्या जागी उभा. सव्वीस वर्षं त्याच जागी उभा होता तो. तुम्ही तिथेच होतात. तुम्हाला तरी सांगता आलं असतं."

मी काय सांगणार होतो? त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी आहे.

१७ मार्च, शुक्रवार

सुट्टी घेऊन सेनेकला गेलो. आधी माझं घर उघडलं. बायको गेल्यापासून तिथे भांड्यांचासुद्धा आवाज होत नाही. मग झीबाशकडे गेलो. कारझाउ माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा, म्हणून त्याची बायको माझी झेंगे, म्हणजे वहिनी. आमच्यात वहिनी दिराचं नाव घेत नाही, आपण ठेवलेलं नाव घेते. झीबाशने मला चाळीस वर्षांपूर्वी ससा म्हटलं ते आजतागायत.

ती शेल्पेक तळत होती. शुक्रवारी सात पातळ पुऱ्या तळायच्या, तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो. ते जेवत नाहीत, वासानेच तृप्त होतात.

"ये सशा. उंबऱ्यात काय उभा? कान आत आले तेवढे पाय पण आण."

मी बसलो. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "जाकीट बरं बसलं तुला. खांदे जरा उतरलेत, पण ते जाकिटाचे नाहीत."

जाकीट कारझाउचं आहे. मयताला आंघोळ घालणाऱ्यांना त्याचे कपडे देतात, आणि मी आंघोळ घालणाऱ्यांत होतो. हे कापूस भरलेलं कामाचं जाकीट तिने मला स्वतःच्या हाताने दिलं. मयताचा कपडा नाकारणं म्हणजे मयताला नाकारणं, म्हणून हिवाळाभर घातलं. ते धड राहिलं कारण त्या सकाळी चांगलं ऊन पडलं होतं आणि त्याने ते काढून खुंटीला लावलं होतं.

मी तिला ठिपक्याचं सांगितलं. वाटलं होतं घाबरेल. ती पुरी उलटत राहिली.

"तुझ्या मागे असतो?"

"हो."

"घरी येत नाही, तुझ्या मागे फिरतो. म्हणजे त्याचं तुझ्याकडे काहीतरी राहिलंय."

"माझ्याकडे काय राहणार, झेंगे?"

"ते तो सांगेल नाहीतर तू." मग तिने सातातली एक पुरी माझ्या हातात ठेवली. "खा. गार झाली की वास जातो."

तिच्या देखत खिशात घालता येईना, म्हणून चावत बसलो.

२२ मार्च

नौरुझ. कॅम्पवर सात धान्यांची पेज केली होती, पोरांनी गाणी लावली. माझ्या हातातून वाडगा पडला. "शुभ असतं, आगा, नवीन वर्षी सांडणं," एक जण म्हणाला. असं काही शुभ नसतं. त्याने ते तेव्हाच बनवलं. हात जागा व्हायला आता सकाळचे दहा वाजतात.

डॉक्टरकडे वर्षातून एकदा जावं लागतं. तो विचारतो, हाताला मुंग्या येतात? गेली तीन वर्षं मी नाही म्हणतोय. हो म्हटलं तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील, आणि घर कसं आहे ते वर लिहिलंय.

२५ मार्च

तोग्जानने शोधून काढलं.

तिने मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाली, "आगा, जाकीट काढा, या खिळ्याला अडकवा, आणि खाली जिन्यापर्यंत जाऊन या." मी गेलो आणि परत आलो. ती पडद्याकडे बघत होती.

"तुम्ही गेलात. ते इथेच राहिले," ती म्हणाली. "खिळ्यावर."

मग तिने छोट्या चाकूने कॉलरची शिवण उसवली. आतून नखाएवढी काळी चकती निघाली, गेल्या शरदातली. ती पोरगी बाकी सगळ्यांच्या काढून घेऊन गेली. या जाकिटाचं कोणाला आठवलं नाही, कारण तेव्हा ते मयताच्या घरी होतं. तोग्जानने चकती मोडली, यादीतलं नाव काढलं, आणि पडद्यावर मी एकटा उरलो.

"आता झोपा शांत," ती म्हणाली. "भूत नव्हतं."

मी म्हटलं, "पटलं." आणि खरंच पटलं, मी इतका अडाणी नाही. मशीनने जाकीट बघितलं आणि माणूस समजलं; एकाच जागी दोन माणसं दिसायची म्हणून उंट थांबायचा. पण जाकीट परत घातलं तेव्हा ते जड लागलं, आधीपेक्षा. चकती तर काढली होती.

२६ मार्च

आता उंट माझ्यासाठी थांबत नाही. ठिपका दिसला की वळसा घालून जातो, अगदी अदबीने. तोग्जान खूश आहे. वेळेआधी काम होतंय. तिने मला दिवसभराची रेघ दाखवली, पाइप कसा उतरतो त्याची. रेघ गुळगुळीत असते, फक्त मधेच एका ठिकाणी ती खाली ढळते आणि सावरते. दोन बोटांएवढी.

"ही तुमची लकब," ती म्हणाली. "चाळीसेक पाइपांत एकदा येते. आधी मला वाटलं बिघाड आहे, पण शरदातल्या नोंदी बघितल्या तर तुमच्या हातातसुद्धा आहे. जुन्या ड्रिलरांचा असा काही डाव असतो ना? पाइप अडकू नये म्हणून जरा सोडून धरायचा?"

मी तोंड उघडलं. म्हणालो, "असतो."

"छान. राहू दे मग. हीच खोकी पुढे बारा रिगांवर जाणार आहेत. तुमचा हात बारा ठिकाणी चालेल, आगा."

मी बाहेर जाऊन कठड्याशी उभा राहिलो. ऊन लख्ख होतं, कड्यांची सावलीसुद्धा पडलेली नव्हती. माझ्याजवळ कोणी नव्हतं. कोणीतरी असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, आणि हे मनात आलं म्हणून मला मेर्गेनकडे बघवेना.

२७ मार्च

सव्वानऊला पाइप ढळला. मेर्गेन पाचर सोडत होता. त्याने हात मागे घेतला, घाबरून नव्हे, माशी झटकावी तसा. पाचरीचं कडं उसळलं आणि रिकाम्या जागेवर बसलं.

"तुमचं मशीन डुलकी काढतं, आगा," तो वर बघून म्हणाला. दात दिसत होते.

मी लाल बटणावर हात ठेवला होता. उजवा. बटण दाबलं गेलं नाही. मी दाबत होतो आणि ते दाबलं जात नव्हतं.

२८ मार्च

हे लिहायचंच असेल तर इथे लिहितो, निळ्या वहीत नाही.

ऑक्टोबरात त्या सकाळी गारठा नव्हता. ऊन होतं. मी दांड्यावर होतो, कारझाउ तोंडाशी. त्याने पाचर हातात घेतली आणि माझ्याकडे न बघताच मान हलवली, सोड म्हणून. आम्ही कधी बोलायचो नाही. सव्वीस वर्षांत त्याने वर बघितलं नाही, कारण गरज पडली नाही. माझा हात झोपलेला होता. मला वाटलं, मी धरलंय. डोळ्यांना दिसत होतं की दांडा बोटांत आहे. पण बोटं काही सांगत नव्हती. पाइप वीतभर सुटला. वीतभरच. कडं त्याच्या छातीवर बसलं.

मग सगळे धावले. मला कोणीच काही विचारलं नाही. संध्याकाळी ऑफिसातला माणूस कागद घेऊन आला, तो आधीच लिहिलेला होता. चुकीच्या जागी उभा. मी म्हटलं नाही की मी सोडलं. मी म्हटलं नाही की तो योग्य जागी होता. मी पेन डाव्या हातात धरलं, कारण उजवा अजून उठला नव्हता. सही वाकडी आली, ती दुःखाने आली असं त्यांना वाटलं.

मशीन महिनाभर माझ्याकडून शिकलं. माझं चांगलं काय ते शिकलं, आणि माझा मेलेला हातही शिकलं. त्याला फरक कळत नाही. तिसरं खोकं अजून बंदरात आहे. तोवर तोंडाशी मेर्गेन.

२९ मार्च

तोग्जानला सांगायला दोनदा गेलो. पहिल्यांदा ती फोनवर होती. दुसऱ्यांदा नव्हती.

विचारलं, "साहेब आले की मेर्गेनऐवजी दुसऱ्याला उभं करता येईल का?"

"दुसरा कोण?"

मी तसाच परत फिरलो. जो कोणी असेल तो कोणाचा तरी असणार.

३० मार्च

साहेब आले, सहा जण, नव्या हेल्मेटांत. मी खुर्चीत. पोरांनी फलाट पुसून काढला होता. मेर्गेनने दाढी केली होती.

पहिले दहा पाइप रेघेसारखे उतरले. एक साहेब मोबाइलवर चित्रण करत होता. अकराव्याला चरखीने तो माझा खोकला दिला, पाइप उतरू लागला, मेर्गेन वाकला आणि वर न बघता त्याने मान हलवली. मशीनला. बापासारखीच.

मी डाव्या मुठीने बटण ठोकलं.

सगळं थांबलं. दोर थरथरत राहिला. असा सन्नाटा मी त्या फलाटावर कधी ऐकला नव्हता, कारण तिथे नेहमी काहीतरी चालू असतं. मोठे साहेब आत आले. "काय झालं, आक्साकाल?"

"अजून काही झालं नाही."

"मग थांबवलं का?"

"ही लकब नाही. डाव नाही. सकाळी माझा हात बधिर होतो. तीन वर्षं झाली. मशीनने तेच उचललंय. कारझाउ त्यानेच गेला. तो चुकीच्या जागी नव्हता, मी होतो."

एवढंच. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं, आणि बोलायला चहा ओतायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. भोंगा चालू होता. खाली ऐकू गेलं.

साहेबांनी तोग्जानकडे बघितलं. तोग्जानने रेघेकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. तिचं तोंड पांढरं पडलं. "सगळे सकाळचे आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. "दहाच्या आधीचे. माझ्या लक्षात कसं नाही आलं?" मशीन स्वतः चालतं तेव्हा त्याला सकाळ-दुपार कळत नाही, ते चाळिसातलं एक करून कुठेही पेरतं. हे ती साहेबांना समजावत होती. साहेब ऐकत नव्हते, कुणाला तरी फोन लावत होते.

मेर्गेनने हातमोजे काढले, एकात एक घातले, कठड्यावर ठेवले आणि जिना उतरून गेला. मागे बघितलं नाही.

१ एप्रिल

कॅम्पवरच आहे. शहरात बोलावणार आहेत, जबाब घ्यायला. तोपर्यंत कुठे जाऊ नका म्हणाले. मी कुठे जाणार?

तोग्जान संध्याकाळी डब्याच्या दाराशी आली, आत नाही आली. मशीनचं शिकलेलं सगळं पुसलं, म्हणाली. पहिल्यापासून सुरुवात. खोकी जोडलेली आहेत, पण आत काही नाही.

"मला दुसरा हात लागेल," ती म्हणाली. "आधी डॉक्टरकडे नेईन त्याला." मग जाता जाता, "मी तुम्हाला विचारलं होतं, आगा. असतो का असा डाव, म्हणून."

"हो."

"तुम्ही असतो म्हणालात."

"हो."

ती गेली. तिच्या नोकरीचं काय होईल ते मी विचारलं नाही, आणि आता तेही मनाला लागून राहिलंय.

३ एप्रिल

काल झीबाशला फोन केला. मेर्गेनने आधीच सांगितलेलं होतं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"जाकीट घालून हिंडत होतास तेव्हाच मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "बाकीच्यांनी दिलेले कपडे पेटीत ठेवले. तूच तेवढा अंगावर घेऊन फिरलास, हिवाळा संपला तरी."

"झेंगे..."

"थांब. पाच महिने माझा मुलगा बापाची चूक कुठे झाली ते शोधतोय. कोणत्या पायावर उभा होता, कोणत्या हाताने पाचर धरली. रोज जाऊन त्याच जागी उभा राहायचा, शोधायला. आणि तू वर काचेत बसून बघत होतास." मग म्हणाली, "शहरात जाशील तेव्हा सगळं सांग. अर्धं ठेवू नकोस, शिंतास."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने माझं नाव घेतलं. ससा म्हणाली असती तर मी रडलो असतो.

५ एप्रिल

शहरातून गाडी पाठवणार होते. आली नाही. नऊ वाजता मेर्गेनची जुनी गाडी दारात थांबली. तो म्हणाला, "बसा."

नव्वद किलोमीटर. वाटेत उंटांचा कळप आडवा आला, त्याने हॉर्न वाजवला नाही, ते जाईपर्यंत थांबला. अर्ध्या वाटेवर टेकाडावर आमच्या लोकांचं कबरस्तान आहे, पांढऱ्या दगडांचं. तिथून जाणारा कोणीही थांबतो, दोन शब्द म्हणतो आणि पुढे जातो. मेर्गेनने गाडी थांबवली, उतरला आणि वर चढून गेला. मला ये म्हणाला नाही. मी बसून राहिलो. मला वाटलं, माझा हक्क नाही.

तो परत आला. माझ्या बाजूचं दार उघडून उभा राहिला. मी पट्टा सोडायला गेलो. हात झोपलेला होता, खटका दाबेना. दोनदा, तीनदा. तो बघत होता, हाताकडे. मग वाकून त्याने तो खटका स्वतः दाबला.

वर कारझाउचा दगड अजून नवाच दिसतो. मेर्गेन म्हणाला, "साहेबांना सांगितलंत. आईशी बोललात. मी भोंग्यातून ऐकलं. ह्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. अजून त्याला वाटत असेल, आपलंच काहीतरी चुकलं."

तो खाली गाडीपाशी गेला.

मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं, ऊन होतं, सकाळ होती, माझा हात बधिर होता, तू बरोबर उभा होतास. पंधरा दिवस पडद्यावर तो माझ्या खांद्याला खांदा लावून होता, पाठ फिरवली तरी सुटत नव्हता. आणि इथे, त्याच्या स्वतःच्या दगडापाशी, कोणीच नव्हतं. वारासुद्धा पडलेला. मी वाट बघत उभा राहिलो, बराच वेळ. शेवटी खालून मेर्गेनने हाक मारली, ऑफिस एक वाजता बंद होतं म्हणून.